वाऱ्याचा पीळ

बाळांनो, दुबईत बुर्ज खलिफा नावाची इमारत आहे. उंची ८२८ मीटर! ती बांधणाऱ्यांना मोठी काळजी कसली होती, सांगा पाहू. वजनाची? वजन सरळ खाली जातं, त्याचा हिशेब त्यामानाने सोपा. खरी काळजी होती वाऱ्याची. कारण वारा नुसता ढकलत नाही, तो डोलवतो आणि पिळतोसुद्धा.

कसा ते ऐका. वारा इमारतीवर आदळला की दुभंगून दोन्ही बाजूंनी पुढे जातो आणि पाठीमागे भोवरे सोडतो. एक डावीकडून, मग एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून. भोवरा सुटतो तिथे हवेचा दाब घटतो आणि इमारत तिकडे ओढली जाते. म्हणून वारा समोरून आला तरी इमारत आडवी डोलते! प्रत्येक इमारतीला डोलण्याची स्वतःची लय असते. भोवऱ्यांची लय तिच्याशी जुळली, की डोलणं वाढत जातं.

आणि पीळ? वाऱ्याचा जोर सगळ्या भिंतीवर सारखा कधीच नसतो. वारा तिरका आला, शेजारच्या इमारतीने अडवला, की एका कडेला जोर जास्त, दुसरीला कमी. मग इमारत जागच्या जागी गरकन वळू पाहते. त्याचा झोका सर्वांत जास्त जाणवतो कोपऱ्यातल्या खोल्यांना.

आता एक जाड कागद घ्या आणि त्याची नळी करा, पण कडा चिकटवू नका. दोन्ही हातांनी पिळा. कडा एकमेकींवरून सरकतात, नळी सहज पिळली जाते. आता कडा डिंकाने नीट चिकटवा, वाळू द्या आणि पुन्हा पिळा. कशी ताठ राहते! कागद तोच, पण नळी बंद झाली. पिळाला सरकायला फट उरली नाही.

ढाक्यात जन्मलेले अभियंते फझलूर खान यांनी उंच इमारती अशा नळीसारख्या रचल्या. शिकागोचा ४४२ मीटर उंच विलिस टॉवर (पूर्वीचा सिअर्स टॉवर) म्हणजे नऊ चौकोनी नळ्यांची मोळीच. त्यांच्याच कंपनीतल्या बिल बेकर यांनी बुर्जच्या मधोमध काँक्रीटचा षटकोनी गाभा उभा केला. गाभ्याला दारं तर हवीतच, पण दार म्हणजे नळीला पडलेली फटच! म्हणून दारांवर दणकट तुळया घालून भिंती एकमेकींना जखडल्या. पीळ हा गाभा सोसतो. त्याला तीन बाजूंनी तीन पंख टेकू देतात, म्हणून वाऱ्याने ढकललं तरी तो फारसा वाकत नाही.

भोवऱ्यांचा बंदोबस्त आणखी मजेदार. लहान प्रतिकृती पवनबोगद्यात ठेवून त्यांनी पुन्हा पुन्हा वारा सोडला, आणि दिसलं त्याप्रमाणे आकार बदलला, इमारतीचं तोंडही फिरवलं. वर जाताना पंख एकेक करून आखडत जातात, त्यामुळे प्रत्येक उंचीवर रुंदी निराळी. रुंदी निराळी, म्हणून भोवऱ्यांची लय निराळी. त्यांना एकजुटीने ढकलताच येत नाही!

तैवानच्या तैपेई १०१ मध्ये डोलणं आवरायला ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलाय. बुर्जला तसा गोळा लागलाच नाही, ते काम तिच्या आकारानेच केलं. तेव्हा मोठेपणी कुणी उंच इमारत बांधलीत, तर पहिली रेघ ओढण्याआधी तिथला वारा कुठून आणि कसा येतो, ते शोधा.