तांदळाचा सुवास तोलणारा काटा

रायपूरकडे घरात दुबराज तांदळाचा भात शिजू लागला की त्याची वार्ता दाराबाहेर जाते; पुण्याकडे आंबेमोहराची कीर्ती अशीच आहे. १९५६ पर्यंत रायपूर हे नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते, आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत या दोन तांदळांपैकी सरस कोणता, हा वाद पानावर बसल्या बसल्या रंगू शकतो. नाकाच्या साक्षीवर तो कधी मिटावयाचा नाही. सुवासाचे माप काढणारे एक यंत्र मात्र रसायनशास्त्रापाशी आहे.

असे माप कोणास हवे? प्रथम हवे ते वाण-संशोधकास. डॉ. रा. ह. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूर येथे गावोगावचे भाताचे वाण जमविले. आज तेथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या संग्रहात २३,००० हून अधिक नमुने आहेत. दुबराज गुणी खरा, परंतु उंच वाढून लोळतो आणि उशिरा कापणीस येतो. म्हणून विश्वविद्यालयाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने, बियाण्यावर किरणांचा मारा करून, त्याचे ठेंगणे रूप तयार केले. अशा वेळी उंची गेली आणि तिच्याबरोबर सुवासही गेला, असे झाले तर सारा खटाटोप फुकट! पूर्वी याची पारख दाणे चावून होई, किंवा पानांचे तुकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावात टाकून हुंगत. पाचपन्नास नमुने हुंगल्यावर नाकाची काय अवस्था होत असेल, हे अत्तराच्या दुकानात गेलेल्या कोणासही सांगावयास नको.

सुवासिक तांदळाच्या गंधाचे मुख्य द्रव्य १९८२-८३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बटरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. त्याचे नाव २-ॲसिटिल-१-पायरोलीन. त्यांनी तपासलेल्या वाणांपैकी सर्वांत सुवासिक तांदळाच्या एका किलोत हे द्रव्य अवघे ९० मायक्रोग्रॅम भरले, आणि साध्या तांदळात ६ ते ८. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पाण्यात मिसळलेले हे द्रव्य १,००० कोटी भागांत एक भाग असले तरी माणसास जाणवते. यावरून आपल्या नाकाची थोरवी कळावी.

इतके अल्प द्रव्य तोलणाऱ्या यंत्राचे नाव द्रव्यमान वर्णपटमापक. प्रयोगशाळेत त्याला सर्रास मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. त्याचे तत्त्व खळ्यावरच्या उफणणीसारखे आहे. वाऱ्यात धान्य सोडले की भूस दूर जाते आणि दाणा जवळ पडतो. जे. जे. थॉमसन यांनी वाऱ्याच्या जागी विद्युत् व चुंबकीय बल योजून १९१३ मध्ये निऑन वायूत २० आणि २२ अशा दोन वजनांचे अणू दाखविले. त्यांचे सहकारी ॲस्टन यांनी १९१९ मध्ये यंत्र सुधारले आणि १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळविले.

तांदळासाठी कृती अशी. दाणे बंद कुपीत तापवितात. त्यांतून निघालेली वाफ, जिच्यात शंभराहून अधिक द्रव्ये असतात, हेलियम वायूबरोबर सुमारे ३० मीटर लांबीच्या केसासारख्या बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी बाहेर पडते आणि निर्वात पोकळीत शिरते. तेथे हवा असती तर कण वाटेतच तिच्यावर आपटले असते. पोकळीत त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. रेणूचा एक इलेक्ट्रॉन उडतो, रेणू विद्युत्भारित होतो आणि पुष्कळदा फुटतो. हे तुकडे चार सळयांच्या मधून जातात. सळयांवरील विद्युत्दाब असा बदलत नेतात की एका वेळी एकाच वजनाचा तुकडा पार होतो. पलीकडे त्यांची गणती होते.

फुटलेल्या मडक्याची खापरे जुळवून मडके ओळखावे, तसा रेणू ओळखता येतो. आपल्या सुगंधद्रव्याचा अखंड रेणू १११ वजनाचा. त्यातून २८ वजनाचा कार्बन मोनॉक्साइड निसटला की ८३ उरते. ४३ चा तुकडा ॲसिटिल गटाचा, आणि तोच सर्वांत अधिक आढळतो.

ओळख पटली, पण मोजणी? वाफ करताना थोडे द्रव्य वाया जाणारच. यावरची युक्ती मला साऱ्या प्रकरणात अधिक देखणी वाटते. साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन घालून त्याच द्रव्याचे जुळे भावंड बनवितात आणि मोजून नमुन्यात मिसळतात. वाटेत जेवढ्या प्रमाणात एक वाया जाते तेवढ्याच प्रमाणात दुसरे. नाकाला दोघे सारखेच, यंत्राला मात्र वजनातला फरक दिसतो. दोघांच्या गणतीचे गुणोत्तर पाहिले की मूळचे द्रव्य किती ते निघते.

जाता जाता एक गंमत. कोलकात्याचे ब्रह्मचारी व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये हेच द्रव्य वाघाने आपली हद्द आखण्यासाठी शिंपडलेल्या द्रावात असल्याचे नोंदविले. जंगलात एकाएकी बासमतीचा वास आला तर पातेले शोधू नये!

रायपूरच्या दक्षिणेस धमतरी जिल्ह्यातील नगरी भागाच्या दुबराजास २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता नावाला दाम आला, म्हणजे नकलेचा मोहही आलाच. येथे यंत्राची मर्यादा ध्यानी घ्यावी. हेच द्रव्य कोणी साध्या तांदळावर बाहेरून फवारले तर यंत्र ते इमानाने मोजून देईल. ते दाण्यात उपजले की बाटलीतून आले, हे साध्या मोजणीतून कळणार नाही. त्यासाठी दाण्याचे जनुक तपासावे लागते. बहुतेक सुवासिक वाणांत बीएडीएच-२ हे जनुक निकामी झालेले असते, साध्या तांदळात ते शाबूत असते. शिवाय साठवणीत हे द्रव्य हळूहळू उडून जाते. तेव्हा जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो म्हणून वर्षभर राखून ठेवलेला अस्सल दुबराजही या काट्यावर हलकाच भरावयाचा.