हातात किती पडतात?

हिंजवडी-खराडीत आयटीत नव्याने लागणाऱ्यांना ‘साडेतीन लाखांचं पॅकेज’ हा आकडा दहा वर्षांपूर्वीही ऐकू येई, आजही येतो. घरभाडं मात्र थांबलेलं नाही, आणि हे अन्यायाचं आहे.

३ लाख ६० हजारांचं पॅकेज घ्या. महिन्याला ३०,००० दिसतात. मूळ वेतन १५,००० धरलं, तर पीएफचे (कंपनीचा वाटाही पॅकेजमध्येच मोजतात) ३,६००, ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० आणि व्यवसाय कराचे २०० वजा जाऊन उरतात साधारण २५,४८०. त्यातच खोली, मेस, पेट्रोल; पहिल्याच महिन्यात डिपॉझिट आणि दलालीही.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी हातात येणारी रक्कम लेखी मागून घ्या.