कालवडी आणि गोऱ्हे वेगळे बांधा

खोपट म्हटले की ठाण्याचे एस.टी. स्थानक आठवते. तो भाग आता शहराचा झाला. पण याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात म्हसा गाव आहे. तिथे पौष पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. जत्रेत गुरांचा बाजार असतो. अशा बाजारासाठी आपण वासरं वाढवतो.

ही वासरं एकाच दावणीला बांधतो, एकाच रानात सोडतो. "अजून लहान आहेत, काय होतंय?" असे आपण म्हणतो. इथेच घात होतो.

संकरित कालवड चांगल्या खुराकावर वर्षाच्या आतबाहेर माजावर येते. देशी कालवडीला दोन वर्षे किंवा जास्तही लागतात. संकरित गोऱ्हा मात्र नऊ-दहा महिन्यांतच कालवड फळवू शकतो. तो आपल्याला लहान दिसतो, एवढेच.

कोवळ्या वयात कालवड गाभण राहिली तर तिची वाढ खुंटते. हाड भरलेले नसते. विताना वासरू अडते. कधी कालवड दगावते, कधी वासरू, कधी दोन्ही. शिवाय गोऱ्हा तिचाच भाऊ असला तर वासरू अशक्त निपजण्याची भीती असते.

आता बाजाराचा विचार करू. समजा, कालवड भाद्रपदात फळली. पौषात ती चार महिन्यांची गाभण असते. पोट नीट दिसत नाही. गाय नऊ महिने नऊ दिवसांनी विते. म्हणजे ही कालवड ज्येष्ठात विणार, तीही घेणाऱ्याच्या गोठ्यात! ती अडली तर तो म्हणणार, "मला फसवलं." पैसा जातो, आणि आपला शब्दही जातो.

मग काय करावे?

वासरं सहा महिन्यांची झाली की वेगळी करावी. दावण वेगळी, चरायचे रान वेगळे. दोन रानं नसतील तर सकाळी कालवडी सोडाव्या, दुपारी गोऱ्हे. मधले कुंपण पक्के असावे. माजावरची कालवड हंबरते, दुसऱ्या जनावरावर चढते. माज साधारण एकवीस दिवसांनी परत येतो. त्या दिवशी तिला गोठ्यातच ठेवावी.

बैल करायचा गोऱ्हा गुरांच्या डॉक्टरांकडून खच्ची करून घ्यावा. मात्र लगेच कालवडीत सोडू नये. आणखी काही आठवडे तो कालवड फळवू शकतो.

एवढे करूनही चूक झाली तर? लपवू नका. वहीत तारीख लिहा आणि लगेच दवाखान्यात सांगा. लवकर कळले तर उपाय करता येतो. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर हाताने तपासून गाभण आहे की नाही ते सांगतात. विकण्याआधी ही तपासणी जरूर करावी.

बाजाराला नेण्याआधी लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर टोचून घ्यावी. कानात बारा आकडी बिल्लाही हवा. २०२२ साली लम्पी रोग आला, तेव्हा राज्यातले गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. रोग एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो, हे विसरू नये.

आपण आता लिहायला शिकलो. गोठ्यात एक वही ठेवू. जन्माची तारीख, माजाची तारीख, लसीची तारीख तिच्यात लिहू. बाजारात ती वही उघडून दाखवली की घेणाऱ्याला भरवसा वाटतो.