पेनल्टी हुकली, तरी झिको थांबला नाही!

दोस्तांनो, अमरावती-अकोल्याच्या मैदानावर तुमची पेनल्टी हुकली, की दुसऱ्यांदा मारायला धीर होत नाही ना? मग ब्राझीलच्या झिकोची गोष्ट ऐकाच!

१९८६चा विश्वचषक, फ्रान्सशी उपांत्यपूर्व सामना, १-१ बरोबरी. नुकत्याच मैदानात उतरलेल्या झिकोची पेनल्टी गोलरक्षकानं अडवली. पुढं टायब्रेकरमध्ये पुन्हा तोच आला आणि त्यानं गोल केला! ब्राझील मात्र हरलं.

नंतर झिको प्रशिक्षक झाला. २००४ मध्ये त्याच्या जपाननं आशिया चषक जिंकला. २०१४ मध्ये तो चक्क गोव्यात, एफसी गोवा संघाला शिकवायला आला. २०१५ची अंतिम लढत फातोर्ड्याला झाली. ८७व्या मिनिटाला गोवा २-१ पुढं, आणि शेवटी चेन्नई ३-२नं विजयी! तरी २०१६च्या हंगामात झिको पुन्हा हजर. तुम्हीही उद्या चेंडू ठेवाल ना?