विंचवाचे बिऱ्हाड : पेन ड्राइव्हवरचा संगणक



मागच्या महिन्यात उपासना संपल्यावर एका सभासदांनी मला थांबवले. "ताई, आमच्या ऑफिसातले सहा-सात जुने कॉम्प्युटर भंगारात चाललेत. तुमच्या मुलांना उपयोग होईल का?" मी लगेच हो म्हटले. त्यांना वाटले, मी भिडेपोटी बोलते आहे. "अहो, पण ते चालूच होत नाहीत!" त्यांना उभ्या-उभ्या नीट सांगता आले नाही, म्हणून येथे लिहिते.

जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा अभ्यासवर्ग चालतो. तेथे आठ संगणक आहेत आणि त्यांतल्या पाचांना हार्ड डिस्कच नाही. ती बिघडली होती, आम्ही काढून टाकली. मुले पेन ड्राइव्ह लावतात, सुरू होताना एफ-१२ किंवा त्या मशीनला लागू असलेले बटण दाबून 'पेन ड्राइव्हवरून सुरू हो' असे सांगतात, आणि मिनिट-दोन मिनिटांत पडदा उजळतो.

हे कसे होते? संगणक जुना झाला म्हणजे बहुतेक वेळा त्याची डिस्क थकलेली असते, किंवा त्यावरचे विंडोज त्याला पेलवत नाही. लिनक्स ही मोफत आणि मुक्त प्रणाली आहे. तिचे काही हलके अवतार सगळा पसारा एका दाबून बसवलेल्या फाइलमध्ये ठेवतात. ती फाइल पेन ड्राइव्हवरून उचलून रॅममध्ये उघडली जाते आणि काम तेथेच चालते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे.

जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये सीडीवरून चालणारे 'नॉपिक्स' काढले. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांचे 'पपी लिनक्स' २००३ मध्ये आले. आम्ही पपीच वापरतो, आणि जरा नव्या मशीनवर 'अँटिक्स'. आपल्या सी-डॅकचे 'बॉस' मराठीसाठी चांगले आहे, पण आमच्या मशीनना ते जड जाते. पपीत मराठी टंकनासाठी 'लोहित' हा देवनागरी फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कळफलक आम्हाला स्वतः बसवावा लागला. दोन संध्याकाळी गेल्या. (माझी पदविका धर्मशास्त्राची, त्यामुळे तिसरीही गेली असती तर नवल नव्हते.)

आपल्या राज्याला हा विचार नवा नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चा भारतातला पहिला प्रयोग झाला. त्या छोट्या लॅपटॉपची रॅम होती फक्त २५६ एमबी, आणि त्यावर लिनक्सवर बेतलेली 'शुगर' ही मुलांसाठीची प्रणाली होती. पुढे २००९ मध्ये तीच शुगर पेन ड्राइव्हवर मिळू लागली, म्हणजे खास लॅपटॉप विकत घेण्याची गरज उरली नाही. मला ही पायरी पहिलीपेक्षा मोलाची वाटते.

आमच्याकडे दिवाळीनंतर अनेक घरे कामासाठी बाहेरगावी जातात, मुलेही बरोबर जातात. काही मुलांनी आपला पेन ड्राइव्ह काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला आहे. जेथे जातील तेथे कोणी संगणकावर बसू दिले, तर तोच पडदा, त्याच फाइली. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीची ३० शब्दांची गती लागते. एका मुलीचा सराव परगावी दोन महिने असाच चालू राहिला.

वीज आमच्याकडे कधीही जाते. पेन ड्राइव्हवरची मूळ फाइल कोणी बदलत नाही, त्यामुळे वीज गेल्याने प्रणाली सहसा बिघडत नाही. जाते ते रॅममधले, न जपलेले काम. हे आम्ही फार वाईट रीतीने शिकलो. दहावीतला एक मुलगा वडिलांच्या वनहक्क दाव्याचे अपील टाइप करत होता. निर्णयानंतर अपिलासाठी ६० दिवस मिळतात, त्यांतले दोन उरले होते. दोन पाने झाली आणि वीज गेली. पपीत 'सेव्ह'चे चिन्ह दाबल्याशिवाय काम पेन ड्राइव्हवर उतरत नाही, किंवा ठरावीक वेळाने आपोआप उतरते. हे मी त्याला सांगायला विसरले होते. रात्री वीज आल्यावर आम्ही दोघांनी पुन्हा टाइप केले, वडील शेजारी बसून गट नंबर सांगत होते. अपील मुदतीत गेले. निकाल अजून यायचा आहे. आता प्रत्येक मशीनवर खडूने लिहिले आहे : 'आधी सेव्ह, मग पाणी प्यायला जा.'

अडचणी आहेतच. १ जीबी रॅमवर व्हिडिओ अडखळतात. पुष्कळ अभ्यासक्रम विंडोजवरच शिकवतात, म्हणून एक मशीन आम्ही तसे ठेवले आहे. पेन ड्राइव्हही झिजतात, त्यामुळे प्रत्येकाची दुसरी प्रत कपाटात असते. आणि फार जुन्या, ३२-बिट मशीनचे दिवस सरत आले. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणे थांबवले.

उलट, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपल्याने तुमच्यापैकी कित्येकांकडे चांगली मशीन अडगळीत पडतील. ती ६४-बिट असावीत, रॅम निदान २ जीबी असावी, लॅपटॉपसोबत चार्जर असावा. बॅटरी गेलेली असली तरी घेऊ. हार्ड डिस्कवर घरचे फोटो, बँकेचे कागद असतील तर ती खुशाल काढून घ्या, आम्हाला ती लागत नाही. आणि जमले तर १६ जीबीचा एक पेन ड्राइव्ह सोबत द्या.