ठिसूळ प्लॅस्टिकला रबराची जोड

पॉलिस्टायरीनची पारदर्शक पट्टी जोराने वाकवली तर ती काडकन मोडते. शीतकपाटाचे आतले पांढरे अस्तर मात्र भांडे आदळले तरी सहसा तडकत नाही. गंमत म्हणजे हे अस्तरही पुष्कळदा पॉलिस्टायरीनचेच असते! मग हा फरक कशामुळे पडतो?

पॉलिस्टायरीन हे बहुवारिक आहे. त्याच्या लांबलचक रेणुशृंखला नेहमीच्या तपमानाला जखडलेल्या असतात. सुमारे १००° सेल्सिअसच्या वर गेल्यावरच त्या मोकळ्या होतात. त्यामुळे आघात झाला की ताण एखाद्या ओरखड्यापाशी एकवटतो, तिथे तडा पडतो आणि तो क्षणात आरपार जातो.

अस्तराच्या प्लॅस्टिकमध्ये मात्र पॉलिब्युटाडाइन या रबराचे बारीक कण विखुरलेले असतात. रबराचे प्रमाण साधारणपणे शेकडा ५ ते १० असते आणि कणांचा व्यास काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही सहस्रांश असतो. मऊ रबर ताण पेलत नाही. तो कणाच्या कडेच्या प्लॅस्टिकवर येतो. तिथे अतिसूक्ष्म भेगा उमटतात. परंतु या भेगा पोकळ नसतात. ताणलेल्या रेणूंचे तंतू त्यांच्या दोन्ही कडा सांधून धरतात. हे तंतू ओढले जाण्यात आघाताची ऊर्जा खर्च होते. शिवाय वाढणारी भेग पुढच्या कणापाशी अडते. अशा रीतीने एका घातक तड्याऐवजी असंख्य निरुपद्रवी भेगा पडतात. असे प्लॅस्टिक वाकवल्यावर पांढरे पडते ते या भेगांमुळेच, हे बकनॉल आणि स्मिथ यांनी १९६५ साली दाखवून दिले.

मात्र रबर नुसते मिसळून भागत नाही. कण प्लॅस्टिकला घट्ट चिकटलेले हवेत. त्यासाठी रबर द्रवरूप स्टायरीनमध्ये विरघळवतात आणि ढवळत ढवळत स्टायरीनचे बहुवारिक बनवतात. तेव्हा काही शृंखला रबराच्या रेणूंवरच वाढतात, जणू त्यांचे कलमच होते! थंडीतही हे रबर मऊ राहते, म्हणून ते शीतकपाटात चालते.

या चिवटपणाची किंमतही मोजावी लागते. पारदर्शकता जाते आणि ताठपणा थोडा घटतो. पण दुचाकीस्वाराच्या शिरस्त्राणाचे कवच पारदर्शक नसले तरी चालते, काचेसारखे फुटून चालत नाही. अशी कवचे पुष्कळदा ए.बी.एस. प्लॅस्टिकची करतात. त्यातही रबराचेच कण असतात, पण आणखी बारीक.

मोडक्या रंगीत खेळण्याचा तुकडा, डोळे जपून, हळूहळू वाकवून पाहा. तो न मोडता वाकलेल्या जागी पांढरा पट्टा उमटला, तर त्यात असेच कण असण्याचा संभव आहे.