अंधारातली डिश

त्या दिवशी ज्या पेशी जगायला हव्या होत्या, त्याच मेल्या. आमच्या प्रयोगात दोन डिश असतात. कॅन्सरच्या पेशी आणि औषध दोन्हींत, लेसर मात्र एकीवरच. दुसरी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायची. तिच्यातल्या पेशी तगल्या, तरच मारलं ते प्रकाशानं जाग्या झालेल्या औषधानं, असं म्हणता येतं. आमची दुसरी डिशही साफ. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी एवढंच विचारलं, "पेशींचा मीडिया बदलताना हूडची ट्यूब चालू होती?" होती. मीच लावली होती. तिच्या उजेडानंच औषध जागं झालं होतं. तीन आठवड्यांचं काम वाया गेलं.

मॅडम रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी ऑस्कर राबची गोष्ट सांगितली. म्युनिकमधला हा वैद्यकीचा विद्यार्थी टॅपाइनर यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅक्रिडीन या रंगानं पॅरामेशियम हे एकपेशीय जीव किती वेळात मरतात ते मोजत होता. रंग तोच, प्रमाण तेच, पण वेळ जुळेना. मग ध्यानात आलं की एका प्रयोगाच्या दिवशी बाहेर वादळ होतं, खोलीत उजेड कमी होता. म्हणजे रंगाला मारायला उजेडाची साथ लागत होती. १९०० साली त्याचा निबंध छापून आला. न जुळणारे आकडे त्यानं खोडले नाहीत, याचं मला फार मोल वाटतं.

१९१२ मध्ये मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरनं तर हिमॅटोपॉर्फिरिन हे असंच प्रकाशानं जागं होणारं द्रव्य स्वतःच्याच शिरेत टोचून घेतलं, २०० मिलिग्रॅम. उन्हात जाईपर्यंत काही झालं नाही. गेल्यावर चेहरा असा सुजला की ओळखू येईना, आणि ऊन सोसण्याची ताकद दोन महिने परतली नाही. आजही फोटोफ्रिन हे याच जातीचं कॅन्सरवरचं औषध घेतलेल्या रुग्णाला निदान ३० दिवस उन्हापासून जपावं लागतं. औषध गाठीत साचतं, तसं थोडं कातडीतही राहतं.

आमचा नॅनोकणांचा खटाटोप याचसाठी: औषध गाठीपर्यंत न्यायचं, बाकीच्या अंगाला कमी लागू द्यायचं. दुसरी अडचण खोलीची. तांबडा प्रकाशही शरीरात फार आत शिरत नाही. म्हणून यटर्बियम आणि अर्बियम ही मूलद्रव्यं घातलेले कण. ते ९८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश घेतात आणि जागच्या जागी दिसणारा प्रकाश देतात. त्यानं औषध जागं होतं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटानं २०१२ मध्ये उंदरांच्या गाठींवर हे करून दाखवलं. त्यातही एक मेख आहे. ९८० चा प्रकाश पाणी शोषतं, ऊतक तापतं. मग पेशी औषधानं मेल्या की उष्णतेनं? त्यासाठी आणखी एक डिश: लेसर आहे, कण नाहीत.

पुढच्या खेपेला मी हूडच्या बटणावर काळी टेप लावली, लाल दिव्यात मीडिया बदलला. लेसर लावण्याआधी कणांची कुपी किरणासमोर धरून तपासायची असते. डोळ्यांवर गॉगल, खोलीत काळोख, किरण तर दिसतच नाही. कुपी आडवी आली आणि पाण्यातून केसाएवढी हिरवी रेघ उमटली. मॅडम पुढे झुकून पाहत राहिल्या. म्हणाल्या, "आता आधी अंधारातली डिश मोज."